होडी मोडते ती कुठे? : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

पत्र पहिलं

ताई, मी गुहागर तालुक्यातला. वय ४१, शिक्षण बी.कॉम., आंब्याच्या कॅनिंगचा लहानसा धंदा आहे. खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरायला, गळ टाकायला १८ फुटी होडी करून घ्यायची आहे. फायबरवाला म्हणतो, “सहा एमएम मारतो, काय होत नाही.” लाकडाचा मिस्त्री म्हणतो, “फायबर दोन पावसाळे टिकलं तर नशीब.” दोघांचं ऐकतो आणि घरी येतो, कारण पडताळून बघायला माझ्याकडे काहीच नाही. दहावीनंतर माझा गणिताशी संबंध जीएसटीपुरता. होडीची ताकद कशात असते हे माझ्यासारख्याला शिकता येईल का? की हे खूळ सोडून द्यावं?

उत्तर

सोडू नका. आणि त्या दोघांच्या भांडणातही पडू नका, कारण फायबर की लाकूड हा प्रश्न तुमच्या यादीत चौथा-पाचवा असायला हवा.

मीही इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत २९ वर्षं डिझेलचा, बर्फाचा आणि कर्जाचा हिशेब लिहिला. होडी शिकले ती त्या कर्जाच्या फायलींतून. नव्या होडीच्या अर्जाला मिस्त्रीचं अंदाजपत्रक जोडलेलं असे: साग इतके घनफूट, फळी अमुक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), फ्रेम, म्हणजे आतल्या आडव्या बरगड्या, इतक्या इंचांवर. तीन-चार वर्षांनी त्याच होडीची दुरुस्तीची फाइल येई. दोन्ही फायली शेजारी-शेजारी ठेवायची मला सवय लागली आणि एक गोष्ट खटकू लागली. जाड फळीच्या होड्या कमी मोडत होत्या असं काही दिसत नव्हतं. उलट सगळ्या होड्या त्याच चार जागी मोडत होत्या. इंजिनाच्या पायाचं टोक, फ्रेम जिथे संपते ती जागा, ट्रान्समचा, म्हणजे मागच्या सपाट फळीचा कोपरा, डेकवरच्या झाकणाचा कोपरा. फळी मधोमध फुटलेली होडी कागदावर आली तर ती खडकावर गेलेली असे.

मग जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन खाडीवर जायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं, फळी अर्धा सूत जाड केली तर? ते रंधा न थांबवता म्हणाले, “बाय, फळी जाड केल्यान म्हणान होडी घट होवची नाय. तिका आधार खंय आसा तां बघ.” माझं सगळं शिक्षण या एका वाक्याचा अर्थ लावण्यात गेलं. तुम्हाला तेच सांगते, जरा कमी वेळात.

घरावर कौलं असतील तर आज पडवीत खुर्ची टाकून वर बघा. कौलाचं वजन रिपेवर, रिपेचं वाशावर, वाशाचं आढ्यावर आणि भिंतीवर, तिथून खांबात, खांबातून जोत्यात, जोत्यातून जमिनीत. एकही कौल असं नाही की ज्याचं वजन कुठे जातं हे बोटाने दाखवता येत नाही. आता एकाआड एक वासा काढून टाकला असं समजा. रीप लगेच झोल खाईल. कुठलाही सुतार त्यावर जाड रीप आणा असं सांगणार नाही, वासा परत घाल म्हणेल. होडी म्हणजे हेच छप्पर उलटं ठेवलेलं, आणि पाऊस खालून. फळी ही रीप, फ्रेम हा वासा, कणा हे आढं. होडीत कुठेही हात ठेवा आणि विचारा, इथे जोर आला तर तो पुढे कुणाकडे जाईल? त्याच्यानंतर कुणाकडे? उत्तर मध्येच तुटलं की समजा, दुरुस्तीची फाइल तिथून येणार आहे.

घरात आणि होडीत फरक दोन. एक, घराचा प्रवास जमिनीत संपतो. होडीला जमीन नाही, त्यामुळे इंजिनाचं, माणसांचं, बर्फाच्या पेटीचं वजन तळभर पसरून पाण्यालाच द्यावं लागतं. दुसरा, कौल शांत बसतं, पाणी बसत नाही. समुद्राचं पाणी घनमीटरला सुमारे १,०२५ किलो भरतं. म्हणजे पाण्याखाली १ मीटरवर दर चौरस मीटरला साधारण टनभर दाब. तुमची होडी ३० सेंटिमीटर बुडत असेल तर उभ्या जागी तळावर चौरस मीटरला ३०० किलो. चालत्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून लाटेवर आपटली की तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो. वेग वाढला की आणखी.

पुस्तकं हातात घ्याल तर बहुतेक ठिकाणी पहिलं प्रकरण मोठ्या जहाजाचं असतं. लाट मधोमध आली की दोन्ही टोकं लोंबतात, लाटा टोकांना आल्या की पोट लोंबतं, त्याने अख्खं जहाज कसं वाकतं वगैरे. ते पान बिनधास्त उलटा. १८ फुटी होडी लाटेवर अशी वाकून मोडत नाही. तिचा निकाल दोन आधारांमधल्या तळाच्या तुकड्यावर लागतो. (जमिनीवर मात्र वाकते. पावसाळ्यात नाळेखाली एक आणि मागे एक असे दोनच ओंडके देऊन झावळ्यांनी शाकारलेली होडी मी बघितली आहे. नारळी पौर्णिमेला उघडली तेव्हा तिच्या पोटात मूठभर झोल होता. समुद्राने तिला बोटही लावलं नव्हतं.)

आता गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही. पण आधी दोन खेळ करा, त्याशिवाय आकडे अंगी लागत नाहीत.

शाळेची लाकडी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबा. मग तीच पट्टी धारेवर उभी करून दाबा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल तर उभी पट्टी आडवीपेक्षा १०० पट ताठ. लाकूड तेच, वजन तेच. फ्रेम आणि लांब पट्ट्या उभ्या का बसवतात हे इथे समजतं.

दुसरा खेळ. दोन सारख्या पातळ फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवा आणि मध्ये पाण्याची घागर ठेवून झोल मोजा. एका फळीच्या निम्मा भरेल. मग त्याच फळ्या गोंदाने चांगल्या चिकटवा, वाळू द्या, पुन्हा मोजा. आठवा हिस्सा. सुट्या फळ्या घावन्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवरून सरकतात, चिकटवल्या की एकजीव होतात. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट, मोडायची ताकद चौपट, वजन दुप्पट. पण सांधा धरला तरच. सांधा सुटला तर तुम्ही दुप्पट वजन उचलून दुप्पटच ताठपणा विकत घेतलात. माझ्या फायलींतल्या निम्म्या दुरुस्त्या मला इथेच सापडल्या.

आता माझी फजिती. २००३ साली मी आणि माझ्या भावाने १४ फुटी सपाट तळाची होडी केली. तळाला ९ मिलिमीटर मरीन प्लाय, फ्रेम दर ६० सेंटिमीटरवर, तळाची रुंदी ११० सेंटिमीटर, आत लांबीच्या दिशेने एकही पट्टी नाही. पैसे आणि रविवार दोन्ही वाचवायचे होते. खाडीत होडी छान पळायची, फक्त पायाखाली तळ लपलप करायचा. भाऊ म्हणे, हलकी आहे म्हणून. खाडीच्या मुखाशी, वाऱ्यावर, तिसऱ्या फेरीला फ्रेमच्या कडेने सरळ रेघेत तडा गेला. फळीच्या मधोमध नव्हे, बरोबर फ्रेमच्या कडेला. डब्याने पाणी काढत परत आलो. त्या दिवशी भाऊ माझ्याशी बोलला नाही.

पुढे हिशेब शिकल्यावर मी तो तडा कागदावर मांडला. दोन्ही कडांना घट्ट धरलेल्या लांबट तुकड्यासाठी ढोबळ सूत्र असं: ताण म्हणजे दाब गुणिले अंतर गुणिले अंतर, भागिले दोन वेळा जाडी गुणिले जाडी. दाब मी चौरस मीटरला २ टन धरला, संथ होडीचा. तो चौरस मिलिमीटरला ०.०२ न्यूटन होतो. अंतर ६००, जाडी ९. वरचं ७,२००, खालचं १६२. उत्तर चौरस मिलिमीटरला ४४ न्यूटन. चांगली मरीन प्लाय रेषेच्या दिशेने ४०-५०च्या आसपास मोडते. म्हणजे आमची होडी मोडायच्या काठावर बसूनच पाण्यात उतरली होती. आणि सर्वांत जास्त ताण आधाराच्या कडेलाच येतो, म्हणून तडा तिथे.

मग तीन उपाय तपासले. फ्रेम ४० सेंटिमीटरवर आणल्या तर ताण २० वर येतो. फ्रेम तिथेच ठेवून प्लाय १२ मिलिमीटर केली तर २५. आणि तिसरा, जो त्या मिस्त्रींनी सूत्र न लिहिता सांगितला होता: प्लाय तीच, फ्रेमही त्याच, फक्त तळावर नाळेपासून ट्रान्समपर्यंत दोन लांब पट्ट्या उभ्या बसवायच्या. तळाचा तुकडा मग ३७ सेंटिमीटर रुंद उरतो आणि सूत्रात लहान बाजूच घ्यायची असते, कारण जोर जवळच्या आधाराकडे आधी धावतो. ताण १७. दोन पट्ट्यांचं वजन सातेक किलो. १२ मिलिमीटर प्लायनेही सातेक किलोच वाढले असते. तेवढ्याच वजनात ४४ चे २५ किंवा ४४ चे १७. वर पायाखालची लपलप गेली ती वेगळीच, कारण झोल अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. फ्रेम ४० वरून ६० वर नेल्या की झोल दीडपट नाही, पाचपट होतो.

हे सूत्र ढोबळ आहे. खऱ्या तुकड्याच्या कडा पूर्ण घट्ट नसतात, तळ सपाट नसतो, गोलाई असली तर मदत होते. पण एका अंदाजपत्रकाशी दुसरं ताडून बघायला ते पुरतं, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

आता जे सूत्रात येत नाही ते, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. आधार द्यायचाच, पण तो एकाएकी संपवायचा नाही. मऊ फळीवर ताठ पट्टी बसवली आणि ती मध्येच चौकोनी कापून सोडली की त्या टोकाशी फळी बिजागरीसारखी रोज वाकते. वर्षभराने तिथे केसासारखी चीर, दोन वर्षांनी पाणी. इंजिनाचा पाया नेहमी त्याच्या टोकाशी का मोडतो, त्याचं हे उत्तर. पट्टी एकतर दुसऱ्या आधारापर्यंत न्यायची नाहीतर शेवटच्या वीतभरात हळूहळू उतरती करत शून्यावर आणायची. फायबरच्या होडीत आडवा पडदा थेट सालीला, म्हणजे होडीच्या बाहेरच्या अंगाला, टेकवला तर बाहेरून त्याची रेघ उमटते. म्हणून चांगला कारागीर मध्ये फोमची पट्टी घालतो, कोन गोलाईने भरतो आणि फायबरचे थर पायऱ्या-पायऱ्यांनी लहान करत नेतो. डेकच्या झाकणाचे कोपरे गोल हवेत, काटकोनी नकोत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंग करून लिबर्टी नावाची २,७०० च्या वर जहाजं भराभर बांधली. त्यातल्या अनेकांना तडे गेले आणि बरेच तडे हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या, चौकोनी कोपऱ्यातून सुरू झालेले होते. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद हे दुसरं कारण, पण कोपरे गोल केल्यावर पुष्कळ फरक पडला. जे त्या जहाजाच्या कोपऱ्याला लागू ते तुमच्या बर्फपेटीच्या झाकणालाही.

याच्या उलट टोकाला आपली शिवलेली जहाजं. २१ मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून आकार घेतलेलं, फळ्या काथ्याने शिवलेलं, गोव्यात बांधलेलं. तिथे जोर खिळ्यावर एकवटत नाही, शेकडो टाक्यांत वाटला जातो आणि अख्खं अंग थोडं-थोडं देतं. आपल्या उलांडीचे, म्हणजे तोल राखायला होडीच्या बाजूला बांधलेल्या लाकडाचे, दोरही तेच करतात. उलांडी बोल्टने घट्ट आवळलेली होडी मी पाहिली आहे, दाखवणाऱ्याला तिचा फार अभिमान होता. बोल्टच्या भोकापाशी लाकूड चिरलं होतं.

आता तुमचे फायबरवाले आणि त्यांचे सहा एमएम. त्यांना जाडी विचारू नका, थर विचारा. कुठली मॅट (काचेच्या तंतूंची चटई), किती थर, मध्ये रोव्हिंग (काचेचं विणलेलं कापड) किती, त्यांना चिकटवणारं रेझिन कुठलं. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर हाताने नीट दाबून मारला की साधारण १ मिलिमीटर भरतो. त्यात काच वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच आणि किलोभर रेझिन. सहा थरांचा चौरस मीटर साधारण ९ किलो. पण ओल्यावर रोलर न फिरवता रेझिन ओतूनही सहा एमएम होतात. ताकद काचेत आहे, ओतलेल्या रेझिनने फक्त वजन वाढतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. पाणी काढायच्या बुचासाठी किंवा पाइपासाठी तळाला भोक पाडतात, तिथला गोल तुकडा मागून घ्या. तो तुमचा आहे, लाजू नका. सोनाराच्या काट्यावर वजन करा. मग उघड्या अंगणात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, लाकडाच्या निखाऱ्यावर पूर्ण जळू द्या. धूर विषारी असतो, मुलांना लांब ठेवा आणि चुलीत अजिबात नको. रेझिन जळून जातं, काच उरते. थर पानांसारखे सुटतात, मोजा. काचेचं वजन पुन्हा करा. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेल तर काम चांगलं. पाचव्या हिश्श्यावर असेल तर तुम्ही रेझिनची होडी घेतली आहे.

शिवाय फायबर घट्ट असतं, पण ताठ नसतं. साध्या मॅटचं फायबर सागापेक्षाही जास्त वाकतं, पोलादाशी तर तुलनाच नको. म्हणून फायबरची होडी मोडण्याच्या बऱ्याच आधी लपलपायला लागते. तुमच्या माणसाला विचारा, तळाला आतून पट्ट्या किती, कुठून कुठवर? फोमवर फायबर चढवून टोपीसारख्या पट्ट्या घालतात, त्या पाहिजेत. चार थरांचा तळ आणि व्यवस्थित पट्ट्या ही होडी मी सहा थरांच्या उघड्या तळापेक्षा आधी निवडीन. लाकडाच्या मिस्त्रींनाही हाच प्रश्न करा. “दोन पावसाळे” हे त्यांचं म्हणणं साहित्याबद्दल नाही, त्यांनी पाहिलेल्या वाईट कामाबद्दल आहे, आणि तिथे ते खोटं बोलत नाहीत.

वाचायचं काय? मुख्य म्हणजे नियम. नियम म्हणजे इतक्या लांबीच्या, इतक्या वेगाच्या होडीला दाब किती धरायचा आणि त्यावरून जाडी किती काढायची याची ठरवून दिलेली रीत. दाबाचा आकडा हाच आपल्यासारख्यांना न सुटणारा भाग, आणि तो नियमात आयता मिळतो. २४ मीटरपर्यंत लांबीच्या होड्यांसाठी आयएसओ १२२१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याचा पाचवा भाग तुमच्या कामाचा. २०१९ची आवृत्ती बघा. साहित्य जितक्याला मोडतं त्याच्या साधारण निम्म्यावरच थांबायचं, हा हिशेबही त्यात मिळेल. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही १९७५ साली स्थापन झालेली आपली संस्था मुंबईतच आहे, तिचेही नियम आहेत. पण पहिल्याच दिवशी नियम उघडलात तर झोप येईल. त्याआधी अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, लहान मासेमारी होड्यांचे छापलेले नकाशे बघा. प्लाय आणि फळीच्या होड्या, प्रत्येक लाकडाचं माप, खिळ्यांचं अंतर, सगळं चित्रासकट. मोफत आहेत. मी त्यातल्या एका होडीचा प्रत्येक तुकडा वरच्या सूत्रातून घालून पाहिला, दोन महिने लागले. तेवढं मला नंतर कशानेच शिकवलं नाही.

आणि बाहेर पडा. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पोटं उघडी असतात. टेप, वही, बॅटरी. मालकाला विचारून आत शिरा. लांबी, रुंदी, फळीची जाडी, फ्रेमचं माप, फ्रेमचं अंतर, आणि सर्वांत महत्त्वाचं, वय आणि दुरुस्त्या. वीस वर्षं दुरुस्तीशिवाय चाललेली होडी म्हणजे कुणीतरी बरोबर सोडवलेलं गणित. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत माझ्या वहीत अशा ६३ होड्या आहेत. आठ-दहा होड्यांनंतर तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल की फ्रेमचं अंतर आणि फळीची जाडी एकमेकांचा हात धरून वाढतात. आणि जिथे धरत नाहीत तिथे शेजारी ठिगळ असतं.

मर्यादाही सांगते. हे शिकून तुम्ही तुमच्या होडीचं अंदाजपत्रक वाचू शकाल, कारागिराला नेमका प्रश्न विचारू शकाल, स्वतःपुरती खाडीतली होडी धीराने करू शकाल. उद्या तिच्यावर भाड्याने पर्यटक बसवायचं मनात आलं तर नेव्हल आर्किटेक्टची सही आणि मेरिटाइम बोर्डाचा सर्व्हे. त्यात माझी वही चालणार नाही, चालूही नये.

पत्र दुसरं

मॅडम, मी रेवदंड्याचा, कॉलेजात आहे. मोफत सॉफ्टवेअरवर होडीचं डिझाइन केलंय. एका प्रोग्रॅममध्ये ताण तपासला तर सगळं हिरवं दाखवतंय. मग बांधायला हरकत नाही ना?

उत्तर

डेल्फ्टशिपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये होडीचा आकार काढता येतो, ती किती बुडेल तेही कळतं. पण साल किती जाड हवी हे तो सांगत नाही. राहिला तो हिरवा रंग. दाब किती घातलास? फ्रेम आणि साल एकजीव धरलीस का, म्हणजे त्यांच्यामधला गोंद सुटणारच नाही असं गृहीत धरलंस का? प्लायची ताकद दोन्ही दिशांना सारखी घातलीस का? प्लायमध्ये रेषेच्या आडव्या दिशेने ती बरीच कमी असते. या तिन्हींची उत्तरं कागदावर लिही. मग वरच्या पत्रातलं सूत्र घेऊन एकच तुकडा हाताने सोडव. प्रोग्रॅमचं आणि तुझं उत्तर दुपटीहून जास्त वेगळं आलं तर चूक सापडेपर्यंत करवत हातात घेऊ नको. आणि प्लाय घेताना शिक्का बघ, आयएस ७१० म्हणजे मरीन. ३०३चा शिक्का घरातल्या कपाटासाठी. दुकानदार “दोन्ही वॉटरप्रूफच” म्हणेल.

पत्र तिसरं

ताई, वेंगुर्ल्याहून लिहितोय. वडिलांच्या वेळची सागाची होडी आहे, २२ फूट. आता दोन-तीन सांध्यांतून पाणी येतं. सगळे म्हणतात बाहेरून फायबर मारून टाका, नव्यासारखी होईल. मारू का? – निवृत्त शिक्षक, वय ७१

उत्तर

गुरुजी, एवढ्यात नको.

फळ्यांची होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, चालताना सांध्या-सांध्यातून जराशी हलते. साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला धड धरत नाही. होडी हलत राहते, फायबर हलत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत साल सुटून मध्ये पोकळी होते. वरून पावसाचं गोडं पाणी त्या पोकळीत शिरतं आणि तिथेच बसतं. लाकूड कुजवायला खाऱ्यापेक्षा गोडं पाणी जास्त तत्पर. बाहेरून होडी चकचकीत आणि आतून भुसा, अशा तीन होड्या मी पाहिल्या आहेत. एकीच्या ट्रान्सममधून इंजिन बोल्टांसकट खाली आलं होतं, सुदैवाने ओहोटीच्या चिखलात.

आणि पातळ फायबरने ताकद वाढत नाही, फक्त पाणी थांबतं. ताकद वाढण्याइतकं फायबर मारायचं तर ती फायबरचीच होडी झाली, आतला साग नुसता साचा उरला.

पाणी सांध्यातून येतंय म्हणजे आधी सांधे बघायचे. जुना कापूस आणि राळ खरवडून काढा, नव्याने भरा. पण त्याआधी सांधा का उघडला ते शोधा. बहुतेक वेळा त्या जागेमागची एखादी फ्रेम कुजलेली असते किंवा तिचे लोखंडी खिळे गंजून बारीक झालेले असतात, म्हणजे फळीचा वासाच गेलेला असतो. खिळा उपटून बघा. मधोमध कमरेसारखा बारीक झाला असेल तर शेजारचे सगळे तसेच असणार, तांब्याचे नाहीतर जस्त चढवलेले घाला.

मग टोचा घेऊन आत बसा. प्रत्येक फ्रेमच्या खालच्या टोकाला, कण्याला लागते तिथे आणि पाणी वाहून जायच्या भोकांपाशी टोचा. ट्रान्समच्या खालच्या कडेलाही. कडक लागला की खडूने रेघ, आत गेला की फुली. फुल्या मोजून पुन्हा पत्र लिहा, आणि सोबत फ्रेमचं अंतर कळवायला विसरू नका.